गल्ल्याजवळचा बोलका डबा, नऊ महिन्यांनंतर

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या एका बोळीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. दहा बाय बाराचं दुकान. ब्लाउजपीस, अस्तर, टू बाय टू, परकर, लेस, लटकन, हुक-बटणं, आणि आत कोपऱ्यात पिकोचं मशीन. गेल्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबर २०२४ ला, कात्रीला आणि मशीनला झेंडू वाहिला आणि त्याच दिवशी गल्ल्याशेजारी साउंडबॉक्स ठेवला, म्हणजे फोनने दिलेले पैसे जमा झाले की बोलून सांगणारा डबा. वर कार्ड टेकवायची सोय असलेला, १२५ रुपये महिना भाड्याचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्याच बोळीत चार कंपन्यांचे डबे आहेत आणि मी जे सांगणार आहे ते चौघांनाही लागू आहे.

आता आषाढ चालू आहे. दिवाळी, लग्नसराई, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असे सगळे गर्दीचे दिवस या डब्याने पाहिले. आमच्यासारखं बारीक दुकान असलेल्या बऱ्याच जणी विचारतात की घ्यावा का, म्हणून सविस्तर लिहिते.

घेतला तो सासूबाईंसाठी. त्या अडुसष्ट वर्षांच्या, माहेर साक्री तालुक्यातलं, शाळा दुसरीपर्यंत. कापड हाताच्या वितीने मोजतील आणि मीटरपट्टी लावली तर बोटभर फरक निघणार नाही. हिशेब अजून विसांत करतात, पाच विसा म्हणजे शंभर, आणि चुकत नाहीत. पण मोबाईलचा पडदा त्यांना वाचता येत नाही. दुपारी मी जेवायला आणि मुलीला शाळेतून आणायला घरी गेले की दोन तास दुकान त्यांच्याकडे. गेल्या श्रावणात एक बाई लग्नाचं म्हणून बरंच सामान घेऊन गेली, १,४५० रुपयांचं. मोबाईल समोर धरून हिरवी बरोबरची खूण दाखवली, "झाले हं आजी" म्हणाली आणि निघाली. रात्री मी खातं पाहिलं तर पैसे आलेलेच नव्हते. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पैशांपेक्षा त्यांना हे लागलं होतं की पन्नास वर्षं माणसं ओळखली आणि एका चित्राने फसवलं.

अशी खोटी खूण दाखवणारी ॲप असतात हे मला नंतर कळलं. ग्राहकाच्या फोनवर काय दिसतं त्याला काही किंमत नाही, आपल्या खात्यात काय आलं ते खरं. डबा नेमकं तेवढंच सांगतो. त्याच्या पोटात स्वतःचं सिमकार्ड असतं. ग्राहकाने क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की तिची बँक, मधली एनपीसीआयची, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेची यंत्रणा आणि आपली बँक यांचं आपसात ठरतं, आपल्याकडे रक्कम जमा झाल्याचा निरोप कंपनीला जातो आणि तिथून डब्याला. माझा फोन घरी राहिला, बंद पडला, मुलीच्या हातात असला तरी डबा बोलतो. सासूबाईंसाठी हीच मोठी गोष्ट.

पहिल्याच दिवशी डब्याने मराठीत "एकशे पंचवीस रुपये प्राप्त झाले" म्हटलं तेव्हा समोर बसलेल्या कापडणे गावच्या एका आजी दचकल्या. "माय वं, हाई कोन बोलनं?" सासूबाई ऐटीत म्हणाल्या, "तो सांगस, पैसा उनात." म्हणजे पैसे आले. तेव्हापासून आजतागायत दुपारच्या हिशेबात एक रुपयाची तूट नाही. त्यांना आकडा कानाने कळतो. डबा "चाळीस" म्हणाला की त्या मान वर न करता सांगतात, ही फॉलवाली. "दोनशे दहा" म्हणाला की अस्तर आणि टू बाय टू. पडदा वाचता न येणाऱ्या माणसाला दुकानात पुन्हा मालकासारखं बसता आलं. या एका गोष्टीसाठी मी भाडं दुप्पट असतं तरी दिलं असतं.

डबा घेताना भाषा मराठी लावून मागा. आमच्या शेजाऱ्याकडे हिंदीत आला, तो त्याने तसाच ठेवला आणि त्याच्या वडिलांना "उनहत्तर" म्हणजे किती ते अजून विचारावं लागतं.

आता गल्ल्यावर माणसांचं वागणं कसं बदललं ते सांगते, कारण यंत्राची माहिती कुठेही मिळेल, हे मिळणार नाही.

आधी पैसे देताना ग्राहक बाई पर्स उघडायची, नोटा मोजायची, मी सुट्टे शोधायची. त्या दोन मिनिटांत सगळी चौकशी व्हायची. लग्न कोणाचं, मुलगी कुठे दिली, शिंदखेड्याला का शिरपूरला, साडी सुरतेहून आणली का इथली. माझं निम्मं गिऱ्हाईक या दोन मिनिटांनी बांधलेलं आहे. पुढच्या वेळी ती आली की मला आठवतं, हिची धाकटी नणंद बाळंतपणाला आलेली होती. आता ती दोन मिनिटं उरली नाहीत. स्कॅन करताना मान खाली, पिन टाकताना हात आडवा, आणि मग आम्ही दोघीही डब्याकडे बघत उभ्या. डबा बोलला की ती वळते. "येते हं ताई" ऐवजी "आलं ना?" हाच निरोप झाला आहे.

मला हे पहिले तीन महिने जाणवलंच नाही, वेळ वाचतो म्हणून बरं वाटत होतं. जानेवारीत एक जुनी गिऱ्हाईक येऊन गेली आणि रात्री कळलं की महिनाभरापूर्वीच तिचे वडील वारले होते. ती माझ्यासमोर पाच मिनिटं उभी होती. मी तिच्याकडून ऐंशी रुपये घेतले आणि चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. रक्कम सांगायच्या आधीच, कापड कापता कापता बोलून घेते. कात्री हातात असताना बाईही मोकळी असते, तिचा फोन अजून पर्समध्ये असतो.

दुसरा बदल वरच्या पाच रुपयांचा. १२५ झाले तर आधी बाई १२० पुढे करायची आणि म्हणायची, "राहू द्या ना ताई." मी राहू द्यायची. कधी माझ्याकडे सुट्टे नसायचे, मग मी म्हणायची पुढच्या वेळी घेऊन जा, नाहीतर दोन हुकांची पट्टी द्यायची. कोणीच ते लिहून ठेवत नव्हतं, पण दोघींच्याही लक्षात असायचं आणि त्या लक्षात असण्यामुळे ती परत माझ्याकडेच यायची. आता १२५ म्हणजे १२५. बाईला आकडा टाइप करायचा असतो, ती जसाच्या तसा टाकते. वर्षाच्या हिशेबात यात माझा फायदाच आहे. तरी मी आता लग्नाचं सामान असलं तर स्वतःहून म्हणते, एकशे वीसच टाक बाई. आकडा टाइप करण्याआधी म्हणावं लागतं, नंतर उपयोग नाही.

सुट्ट्यांची कटकट मात्र खरंच गेली, ते कबूल करते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्याकडे बाहेरगावाहून येणाऱ्या बायका वाढल्या. त्या वाहकाशी सुट्ट्यांसाठी हुज्जत घालून आलेल्या असायच्या आणि माझ्याकडे पाचशेची नोट मोडायला बघायच्या. आता वाहकाच्या मशीनवरही क्यूआर दिसतो. सकाळी बोहणीलाच पाचशेची नोट आली की पूर्वी मी शेजारच्या चहावाल्याकडे पळायची, ते बंद झालं. सुरतेच्या व्यापाऱ्याचे पैसेही आता घरबसल्या जातात. आमचा बहुतेक माल उधना-लिंबायत भागात राहणाऱ्या आमच्याच खान्देशी लोकांच्या ओळखीने येतो. पूर्वी तिकडे जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती रोकड द्यावी लागायची आणि तो पोचेपर्यंत जीव टांगणीला.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ज्याबद्दल कोणी लिहिलेलं मी पाहिलं नाही, ते.

माझं गिऱ्हाईक शंभर टक्के बायका. बाईच्या हातातली रोकड आणि बाईच्या फोनमधले पैसे ही एकच गोष्ट नाही. डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत, भाजीच्या पैशांतून वाचवून ठेवलेले शे-दोनशे हे तिचे असतात. त्यांचा हिशेब ती कोणाला देत नाही. भावाने आखाजीला हातात कोंबलेले पाचशे रुपयेही तसेच. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटा बंद झाल्या तेव्हा मी नवीन नवीन दुकान सांभाळत होते. त्या आठवड्यात कित्येक बायकांना ते डब्यातले पैसे पहिल्यांदा नवऱ्यापुढे ठेवावे लागले, कारण बदलून आणायला तोच जाणार होता. एक जण माझ्या दुकानात बसून रडली होती. तीन हजार होते, मुलीच्या कानातल्यासाठी जमवलेले. नवऱ्याने एका शब्दाने रागावलं नाही, पण पैसे घरखर्चात गेले.

फोनने पैसे देताना हेच रोज थोडं थोडं होतं. खातं दोघांच्या नावावर असलं तर मेसेज त्याच्याही फोनवर जाऊ शकतो. "मॅचिंग सेंटर, ३४० रुपये." संध्याकाळी प्रश्न येतो की आत्ताच तर ब्लाउज शिवला होता. प्रश्न रागाने विचारलेला नसतो, पण उत्तर द्यावं लागतं. फेब्रुवारीत एका शिक्षिकेने मला विचारलं, "ताई, दोनशे फोनवर घ्या आणि दीडशे रोख, चालेल?" तेव्हा मला उलगडलं की कमावती बाईसुद्धा बिल दोन भागांत का करते. तेव्हापासून मी कोणालाही "फोनवरच द्या" म्हणत नाही. गल्ल्यात दहा-वीसच्या नोटांची थप्पी रोज ठेवते. शहरातल्या मोठ्या दुकानांत "रोख घेत नाही" अशा पाट्या लावतात म्हणे, आमच्या धंद्यात तशी पाटी लावणं म्हणजे निम्म्या बायकांना दारातून परत पाठवणं.

ज्यांच्या स्वतःच्या फोनवर यूपीआय आहे त्यांना मी यूपीआय लाइट लावून घ्यायला सांगते. त्यात खात्यातून आधी थोडी रक्कम बाजूला टाकायची, डिसेंबर २०२४ पासून ५,००० पर्यंत ठेवता येते, आणि १,००० पर्यंतचा व्यवहार पिन न टाकता होतो. बँकेच्या पासबुकात फक्त लाइटमध्ये टाकलेली एकूण रक्कम दिसते, चाळीस रुपयांचा फॉल आणि साठ रुपयांची लेस असं एकेक उतरत नाही. डाळीच्या डब्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट मला हीच वाटली. एक लक्षात ठेवा, पिन नसल्यामुळे फोन कोणाच्या हाती लागला तर त्यातले पैसे जाऊ शकतात. आणि डाळीच्या डब्यात सगळेच पैसे ठेवू नयेत तसं यातही गरजेपुरतंच ठेवावं.

आणि डब्याचा आवाज! सुरुवातीला मी तो पूर्ण मोठा ठेवला होता, सासूबाईंना ऐकू यावं म्हणून. बोळीच्या तोंडापर्यंत जायचा. "दोन हजार तीनशे रुपये प्राप्त झाले." समोरच्या दुकानातली, वाटेने जाणारी, मागे रांगेत उभी असलेली जाऊ, सगळ्यांना कळायचं. धुळं शहर आहे, महानगरपालिका आहे, पण बोळीत सगळे एकमेकांना ओळखतात. आखाजीच्या आदल्या आठवड्यात एक सून आणि तिची सासू एकत्र आल्या होत्या. सुनेने आपल्या आईसाठी म्हणून साडीला मॅचिंग घेतलं आणि गुपचूप स्कॅन केलं. डब्याने रक्कम सगळ्या दुकानाला सांगितली. सासू काहीच बोलली नाही, फक्त सुनेकडे पाहिलं. त्या मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याच रात्री मी आवाज कमी केला.

मध्येच पैसे अडकले तर काय होतं, तेही सांगते. १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, हनुमान जयंतीच्या दिवशी दुपारच्या सुमारास देशभरात यूपीआय अडखळलं होतं. पुढच्याच मे महिन्यात यूपीआयच्या व्यवहारांची संख्या १,८६८ कोटींवर गेली, एवढ्या पसाऱ्यात कधीतरी असं होणारच. पण माझ्यासमोर त्या वेळी नऊ साड्यांचं मॅचिंग घेतलेली एक बाई उभी होती, दोंडाईचाची गाडी पकडायची घाई, जवळ रोख सत्तर रुपये. तीनदा प्रयत्न केला, चक्र फिरत राहिलं. ती ओशाळली होती, सामान परत ठेवायला लागली. सासूबाईंनी आतून उधारीची वही काढून माझ्यापुढे सरकवली. डबा आल्यापासून त्या वहीवर धूळ बसली होती. बाईचं गाव आणि रक्कम लिहिली, १,८७०. रात्री साडेनऊला आम्ही जेवत असताना माझ्या फोनवर पैसे आले, पाठोपाठ तिचा फोन, "ताई, पोचले का?" ती आता आमची पक्की गिऱ्हाईक आहे.

वही मी पुन्हा गल्ल्यावर ठेवली आहे. डबा आल्यावर उधार मागणाऱ्या बायका कमी झाल्या होत्या आणि मी समजत होते की गरज कमी झाली. तसं नव्हतं. "आत्ता पैसे आणले नाहीत" असं म्हणायची सोय गेली होती. समोर क्यूआर चिकटवलेला असताना ते म्हणता येत नाही, मग बाई दुकानात चढायचीच नाही.

कार्ड टेकवायच्या सोयीबद्दल थोडक्यात. महिन्याला चार-पाच जणी वापरतात, बहुतेक बँकेतल्या किंवा नवरा फौजेत असलेल्या. कार्ड डब्याच्या माथ्यावर टेकवलं की झालं, ५,००० पर्यंत पिन लागत नाही, ही मर्यादा जानेवारी २०२१ पासून आहे. कार्डात बॅटरी नसते, आत तारेचं बारीक वेटोळं असतं आणि डब्याच्या जवळ आल्यावर त्यालाच तिथून वीज मिळते, म्हणून चार-पाच सेंटीमीटरच्या पलीकडे ते चालतच नाही. हे मी एका निवृत्त मुख्याध्यापिकांना समजावून सांगितलं. त्यांना भीती होती की पर्समधूनच पैसे कापले जातील. मी आधी रक्कम टाकल्याशिवाय डबा काही घेत नाही हे दाखवलं तेव्हा त्यांनी कार्ड काढलं. दुकानदारांनी एवढं बघावं की यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर २०२० पासून आपल्याकडून शुल्क घेत नाहीत, पण इतर कार्डांवर, विशेषतः क्रेडिट कार्डावर कापतात. चाळीस रुपयांच्या फॉलला ते परवडत नाही. माझ्यासारख्या दुकानाला साधा, टेकवायची सोय नसलेला डबा पुरेसा आहे.

तक्रारी दोन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याखालच्या दुकानात डबा तापतो आणि चार्जिंग धरत नाही. मी तो ओल्या फडक्याच्या शेजारी, सावलीत ठेवायला लागले, पंख्याचा वारा लागेल असा. दुसरं, बोळीत नेटवर्क कमी. कधी निरोप उशिरा येतो आणि बाई निघून गेल्यावर डबा बोलतो. अशा वेळी बाईला थांबवून ठेवायचं का, हा रोजचा प्रश्न. ओळखीची असेल तर मी जाऊ देते. अनोळखी असेल तर "दोन मिनिटं बसा, पाणी घ्या" म्हणते. सेवा केंद्राला तीनदा फोन केला, एकदा माणूस आला, सिम बदलून गेला, तेव्हापासून बरं आहे.

आणि एक, जे मी प्रत्येक बाईला सांगते. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. कोणी फोन करून "तुमचे पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणालं की फोन ठेवायचा. फसलात तर लगेच १९३० वर फोन करायचा, जितका लवकर तितकं बरं.

आता श्रावण लागेल आणि आमच्या खान्देशातल्या कानबाईच्या सणाच्या खरेदीला गर्दी होईल. सुरतेचे, पुण्याचे लेक घरी येतील, त्यांच्या बायका फोन काढतील आणि सासवा कमरेची पिशवी. आवाज कमी केल्यावर सासूबाईंना ऐकू येईना, त्यावर आम्ही महिनाभर घोळत होतो. शेवटी डबा गल्ल्यावरून हलवला. आता तो आत, पिकोच्या मशीनच्या फळीवर, त्यांच्या उजव्या कानाशी ठेवला आहे, तोंड भिंतीकडे. क्यूआरची पाटी तेवढी बाहेर. बाई स्कॅन करते, आतून बारीक आवाज येतो, आणि सासूबाई मशीनचा पाय न थांबवता मला नुसती मान हलवतात.